पक्षी पाहायला दुर्बीण: कॉम्पॅक्ट घ्यावी की मध्यम आकाराची?

८×२५ आणि ८×३२ या दोन दुर्बिणी शेजारी ठेवल्या तर कागदावरचा फरक फक्त ७ मिलिमीटरचा. पक्षी दोन्हींतून आठपटच मोठा दिसतो. भर उन्हात समोरच्या इमारतीवरची पाटी दोन्हींतून तितकीच स्वच्छ वाचता येते. त्यातली एक जॅकेटच्या खिशात जाते, दुसरी मात्र गळ्यात वागवावी लागते. म्हणून पुष्कळ जण पहिली दुर्बीण कॉम्पॅक्ट घेतात, दोन-तीन सकाळी झाडाझुडपांत फिरतात आणि ‘आपल्याला काही हे जमत नाही’ म्हणून ती कपाटात ठेवून देतात. बहुतेक वेळा दोष त्यांच्या नजरेचा नसतो.

कॉम्पॅक्ट दुर्बिणीचीही एक जागा आहे, आणि त्या जागी तिच्याइतकी सोयीची दुसरी दुर्बीण नाही. ती जागा कोणती, हे ओळखायचं तर आधी दुर्बिणीवर छापलेले दोन आकडे नीट समजून घ्यायला हवेत.

दोन आकडे आणि त्यांचा भागाकार

पहिला आकडा म्हणजे दृश्य किती पट मोठं दिसेल ते. दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. साधारण २० ते २८ मि.मी. भिंगाच्या दुर्बिणीला कॉम्पॅक्ट म्हणतात, ३० ते ३६ ची मध्यम आणि ४० च्या पुढची पूर्ण आकाराची. ही नावं काटेकोर नाहीत. काही कंपन्या ३२ मि.मी.च्या दुर्बिणीलाही कॉम्पॅक्ट म्हणून विकतात, तेव्हा नावावर न जाता आकडाच पाहावा. वजनाचा अंदाज असा: ८×२५ साधारण २५० ते ३८० ग्रॅम, ८×३२ साडेचारशे ते सहाशे, ८×४२ साडेसहाशे ते साडेआठशे ग्रॅम.

आता दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. २५ भागिले ८ म्हणजे ३.१. हा भागाकार डोळ्यांना प्रत्यक्ष दिसतो. दुर्बीण हातभर लांब धरून आकाशाच्या उजळ भागाकडे रोखा (सूर्याकडे कधीही नाही). आयपीसच्या, म्हणजे डोळ्याला लावायच्या भिंगाच्या, मधोमध प्रकाशाची एक छोटी गोल चकती तरंगताना दिसेल. तिला एक्झिट प्युपिल म्हणतात, आणि ८×२५ मध्ये तिचा व्यास ३.१ मि.मी. असतो. ८×३२ मध्ये ४, ८×४२ मध्ये ५.२५, तर १०×२५ मध्ये फक्त २.५ मि.मी. दुर्बिणीतून येणारा सगळा प्रकाश या चकतीतूनच डोळ्यात शिरतो.

दुसऱ्या बाजूला आपल्या डोळ्याची बाहुली. कडक उन्हात ती २ ते ३ मि.मी.पर्यंत आकसते, अंधुक प्रकाशात ५ ते ७ पर्यंत उघडते. वय वाढतं तशी ती कमी उघडते. म्हणून दुपारी ८×२५ आणि ८×४२ यांच्या उजेडात फरक जाणवत नाही. बाहुलीच अडीच मि.मी.ची असेल तर मोठ्या चकतीचा उरलेला प्रकाश तिच्या बाहेरच पडतो. पहाटे आणि संध्याकाळी चित्र बदलतं. बाहुली पाच मि.मी. उघडलेली असते आणि कॉम्पॅक्ट तिला तीनच मि.मी. भरून देते. २५ च्या तुलनेत ३२ मि.मी.चं भिंग सुमारे १.६ पट प्रकाश गोळा करतं, ४२ चं २.८ पट. डोळ्याला हे ‘दीडपट उजळ’ असं जाणवत नाही. जाणवतं ते तपशिलात: करड्या फांदीवर बसलेल्या करड्या पक्ष्याची भुवई दिसते की नाही, पाय पिवळट आहेत की गुलाबी, हे सांगता येतं की नाही. पक्षी सर्वांत जास्त हालचाल करतात ती नेमकी याच वेळी.

डोळा जागेवर ठेवायची कसरत

लहान-मोठ्या दुर्बिणींतला फरक बहुतेक जण फक्त उजेडात मोजतात. आमच्या मते त्याहून मोठा फरक दुसरीकडे आहे, आणि तो भर दुपारीही तितकाच राहतो.

समजा उन्हात तुमची बाहुली २.५ मि.मी. आहे. ८×२५ ची चकती ३.१ मि.मी. म्हणजे डोळा मधोमध असताना चारी बाजूंनी फक्त ०.३ मि.मी. मोकळीक. तेवढा डोळा सरकला की दृश्याची एक बाजू काळी पडायला लागते, जणू चंद्रकोरीसारखी सावली आत सरकते. ८×३२ मध्ये हीच मोकळीक ०.७५ मि.मी., म्हणजे अडीचपट. ८×४२ मध्ये जवळजवळ १.४ मि.मी.

आता झुडपात एखादा वटवट्या क्षणभर फांदीच्या टोकाशी येतो असं समजा. दुर्बीण घाईने वर येते, डोळा अचूक जागी बसत नाही, अर्धं दृश्य काळं. ती जरा हलवली, दुसरा डोळा सुटला. दोन्ही डोळे बसेपर्यंत पक्षी पानाआड गेलेला असतो. स्थिर बसलेल्या बगळ्याच्या बाबतीत यातलं काहीच लक्षात येत नाही, म्हणून दुकानात पाटी वाचून दुर्बीण निवडणारा फसतो. तासा-दोन तासांनी डोळे आणि कपाळ दुखायला लागतं, तेही बऱ्याचदा याच कसरतीमुळे.

त्यात कॉम्पॅक्ट हलकी असते. हलकेपणा गळ्याला सुखाचा, पण हाताची थरथर जिरवायला वस्तूला थोडं वजन लागतं. शिवाय लांबी कमी असल्यामुळे ती बोटांच्या टोकांनी धरावी लागते, तळहाताचा आधार मिळत नाही. पक्षी जितके पट मोठा दिसतो तितके पट थरथरही मोठी होते. म्हणून १०×२५ घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. कॉम्पॅक्टमध्ये ८ च्या वर जाऊ नका. जाहिरातीत कधी कधी ‘ट्वायलाइट फॅक्टर’ नावाचा आकडा दिलेला असतो. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की तो येतो. १०×२५ चा १५.८ आणि ८×२५ चा १४.१, म्हणजे पहिली संधिप्रकाशात सरस वाटते. पण त्या गणितात काचेचा दर्जा नाही, कोटिंग (काचेवरचा, प्रकाश परत फेकला जाणं कमी करणारा पातळ थर) नाही, हाताची थरथरही नाही. तो आकडा बाजूला ठेवावा.

किती झाड दिसतं

दृष्टिक्षेत्र म्हणजे एका वेळी किती रुंद दृश्य दिसतं ते. दुर्बिणीवर ते अंशांत किंवा ‘१००० मीटरवर इतके मीटर’ असं छापलेलं असतं. एक अंश म्हणजे हजार मीटरवर सुमारे १७.५ मीटर. ‘१००० यार्डांवर इतके फूट’ असं लिहिलं असेल तर त्या आकड्याला ३ ने भागा, मीटरचा आकडा मिळतो.

बऱ्याच ८×२५ दुर्बिणी ११० मीटरच्या आसपास असतात, चांगल्या ८×३२ १३५ च्या. वीस मीटरवरच्या झाडावर याचा अर्थ २.२ मीटर आणि २.७ मीटर रुंदीचं वर्तुळ. ऐकायला किरकोळ, पण क्षेत्रफळात ते दीडपट झाड आहे. पानांत उड्या मारणारा लहान पक्षी पुन्हा सापडणं या दीडपटीवर अवलंबून असतं. ८×३२ शोधताना १२५ मीटरच्या खाली आकडा दिसला तर दुसरी पाहा. इतकं वजन बाळगून ते क्षेत्र मिळणार नसेल तर मध्यम आकाराचा अर्धा फायदा गेला.

चष्मा असेल तर

आयपीसपासून किती अंतरावर डोळा ठेवला तरी पूर्ण वर्तुळ दिसतं, त्याला आय रिलीफ म्हणतात. चष्मा घालून पाहणाऱ्याला ते किमान १५ मि.मी. हवं, १६ ते १८ असेल तर निवांत. कॉम्पॅक्ट दुर्बिणींत ते अनेकदा कमी पडतं. मग चष्म्यातून दृश्य जणू लांबच्या भोकातून पाहिल्यासारखं लहान दिसतं, आणि आधीच अरुंद असलेलं क्षेत्र आणखी घटतं. चष्मेवाल्यांनी आयकप (आयपीसभोवतीची वर-खाली होणारी कडी) पूर्ण खाली करून, स्वतःचा चष्मा लावून तपासावं: वर्तुळाची काळी कड सगळीकडून रेखीव दिसते का? कड दिसत नसेल तर कडेचं क्षेत्र तुम्ही गमावता आहात. चष्मा नसणाऱ्यांनी आयकप वर करून पाहावं. कप वर करूनही काळ्या सावल्या आत-बाहेर करत असतील तर त्यांची उंची तुमच्या चेहऱ्याला अपुरी आहे.

दोन बाहुल्यांमधलं अंतरही मोजून ठेवा. आरशासमोर मिलिमीटरची पट्टी नाकावर आडवी धरली की अंदाज येतो. प्रौढांमध्ये ते बहुतेक ५५ ते ७० मि.मी. असतं. अंतर कमी असेल तर दोन बिजागऱ्यांची घडीची कॉम्पॅक्ट सोयीची, कारण ती खूप अरुंद होऊ शकते. पण घडी उघडली की दर वेळी दोन्ही बिजागऱ्या सारख्याच प्रमाणात उघडाव्या लागतात. एक जास्त, एक कमी राहिली की आयपीस चेहऱ्यावर तिरके बसतात. मध्यम आकाराच्या दुर्बिणीला सहसा एकच बिजागरी असते, आणि ती एकदा लावली की तशीच राहते.

आतलं काचकाम

उलटं चित्र सुलट करायला दुर्बिणीत प्रिझम, म्हणजे काचेचे लोलक, असतात. सरळ नळ्यांच्या दुर्बिणीत रूफ प्रिझम असतं, खांदे पुढे आलेल्या जुन्या धाटणीच्या दुर्बिणीत पोरो. रूफ प्रिझमला फेज कोटिंग नावाचा खास थर लागतो, नाहीतर बारीक तपशील पुसट होतो. पोरोला ते लागत नाही, म्हणून त्याच दर्जाचं चित्र कमी पैशांत मिळू शकतं. मात्र पोरो रुंद असते आणि तिचा फोकसचा सांधा बाहेर असल्यामुळे पाणी रोखणं कठीण जातं. काही कॉम्पॅक्ट उलट्या पोरो रचनेच्या असतात. त्यांची पुढची भिंगं डोळ्यांपेक्षा जवळजवळ असतात. त्यामुळे खोलीचा भास कमी होतो, पण अगदी जवळचं फुलपाखरू पाहताना दोन्ही डोळ्यांची चित्रं चांगली जुळतात.

कोटिंगची भाषा नीट वाचा. ‘फुली मल्टिकोटेड’ म्हणजे हवेला लागणाऱ्या सगळ्या पृष्ठभागांवर अनेक थर. नुसतं ‘मल्टिकोटेड’ म्हणजे काही पृष्ठभागांवरच. नुसतं ‘कोटेड’ म्हणजे कुठे तरी एखादा थर. कोटिंग नसलेला प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. असे दहा पृष्ठभाग असले की एक तृतीयांश प्रकाश वाटेतच संपतो. घरी पाहायचं असेल तर छतावरच्या दिव्याचं प्रतिबिंब पुढच्या भिंगात पाहा. मंद हिरवट किंवा जांभळट प्रतिबिंबं ठीक, पण लख्ख पांढरं प्रतिबिंब म्हणजे तो पृष्ठभाग उघडा राहिला आहे.

मघाची प्रकाशाची चकतीही इथे कामाला येते. ती पूर्ण गोल आणि कडेपर्यंत उजळ हवी. पोरो दुर्बिणीत तिच्या कडा करड्या आणि चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर बहुधा प्रिझम बीएके-४ ऐवजी स्वस्त बीके-७ काचेचं आहे.

स्वस्त कॉम्पॅक्ट ही सर्वांत वाईट खरेदी असते, ती या सगळ्या कारणांमुळे. चकती आधीच लहान, त्यात तिच्या कडा मंद, त्यात बिजागऱ्या सैल. कमी बजेट असेल तर साधी ८×३० किंवा ८×३२ घ्यावी. कॉम्पॅक्ट घ्यायचीच तर चांगली घ्यावी.

मग निवड कशी करायची

एकच दुर्बीण घ्यायची असेल आणि पक्षी पाहणं हाच बाहेर पडण्याचा हेतू असेल, तर ८×३२. सकाळ-संध्याकाळ, झाडी, पानांतले लहान पक्षी, चष्मा, दोन तासांहून लांब फेरी: यातलं काहीही लागू असलं तरी उत्तर तेच. पन्नाशीच्या पुढे याला आणखी एक कारण मिळतं. बाहुली चार मि.मी.च्या आसपासच उघडत असेल तर ८×३२ ती पूर्ण भरते. ८×४२ चा जादा प्रकाश मग आत जात नाही, डोळा ठेवण्याची मोकळीक तेवढी वाढते.

कॉम्पॅक्ट तेव्हा, जेव्हा दुसरा पर्याय दुर्बीण घरी राहण्याचा असतो. सायकल, डोंगरातली लांब चाल, कामानिमित्त प्रवास, कार्यालयाच्या पिशवीत कायम पडून राहणारी दुसरी दुर्बीण. उघडा प्रदेश, दिवसाचा उजेड, स्थिर बसणारे किंवा संथ घिरट्या घालणारे पक्षी, म्हणजे तलावावरची बदकं, खांबावरची घार. इथे ८×२५ मनापासून समाधान देते.

संधिप्रकाशातली घुबडं आणि रातवे पाहायचे असतील तर दोन्ही सोडून ८×४२ कडे जावं. लहान मुलांना हलकी म्हणून कॉम्पॅक्ट देतात, पण बारीक चकतीवर डोळा बसवणं त्यांनाच सर्वांत अवघड जातं. त्यांना ६×३० बरी: चकती ५ मि.मी. आणि थरथर कमी.

झूम दुर्बीण घेऊ नका. कमी पॉवरवर तिचं क्षेत्र अरुंद असतं, जास्त पॉवरवर चित्र अंधारं होतं आणि दोन नळ्यांची जुळणी लवकर बिघडते. ‘फोकस करायची गरज नाही’ अशा दुर्बिणीतून जवळचा पक्षी स्पष्ट होतच नाही. लालभडक चमकणारी भिंगंही नकोत. ती लाल प्रकाश परत फेकतात आणि पक्ष्याचे रंग हिरवट दिसतात.

हातात घेतल्यावर तपासायच्या गोष्टी, याच क्रमाने

१. बिजागरी उघडून डोळ्यांच्या अंतराला लावा. दोन वर्तुळं मिळून एकच गोल दिसला पाहिजे. मग दुर्बीण एका हाताने हलवून पाहा. बिजागरी आपोआप सरकली तर ती रानात रोज सरकणार.

२. दुर्बीण खाली घ्या, लांबच्या एखाद्या वस्तूवर नजर ठेवा आणि नजर न हलवता ती झटकन डोळ्यांना लावा. असं दहा वेळा करा. किती वेळा पहिल्याच झटक्यात पूर्ण, सावलीविना दृश्य मिळालं ते मोजा. कॉम्पॅक्ट आणि मध्यम दोन्हींवर हेच करा. बहुतेकांचा निर्णय इथेच होतो.

३. छपराची आडवी कड किंवा तार पाहा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून १०-१५ सें.मी. दूर न्या. दोन चकत्यांतली रेघ एकाच उंचीवर राहायला हवी. वर-खाली झाली तर नळ्यांची जुळणी बिघडलेली आहे. अशी दुर्बीण काही मिनिटं चालते, मग डोकं दुखतं. पडलेल्या दुर्बिणींत हा दोष हमखास आढळतो, म्हणून जुनी घेताना ही चाचणी चुकवू नका.

४. उजळ ढगाळ आकाशासमोरचा कावळा किंवा काळी फांदी पाहा. कडेला जांभळी-हिरवी किनार थोडी असेल तर चालते. दृश्याच्या मध्यभागीही ती ठळक असेल तर नको.

५. फोकसचं चाक जवळून दूर फिरवा. दिशा उलटी करताना मध्ये पोकळ वळण लागत असेल तर पक्षी जागा बदलताना ते सतत नडतं. ज्या किमान अंतरावरची वस्तू स्पष्ट दिसते ते दोन-अडीच मीटर असलं की पुरे.

६. शेवटी घड्याळ लावून सलग पाच मिनिटं पाहत राहा. हात भरून येतात का, नाकाला आयकप टोचतात का, डोळे ताणले जातात का, हे एका मिनिटात कळत नाही.

शक्य असेल तर हे सगळं संध्याकाळी, दिवे लागण्याच्या सुमारास करावं. पावसाळी किंवा दमट हवेत वापर असेल तर नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेली वॉटरप्रूफ दुर्बीण घ्या, म्हणजे आतून धुकं धरत नाही. दमट जागी बंद डब्यात पडून राहिलेल्या दुर्बिणीच्या काचेवर बुरशीचे धागे वाढतात, आणि ते एकदा कोटिंगमध्ये शिरले की पुसून जात नाहीत. सिलिका जेलची पुडी सोबत ठेवावी आणि दुर्बीण वापरात ठेवावी. धूळ आधी हवेच्या फुंकणीने उडवा, मगच भिंगाच्या कापडाने पुसा. शर्टाच्या टोकाने पुसलं की धुळीचे कण कोटिंगवर ओरखडे काढतात.

घरी आणल्यावर

आपले दोन डोळे सहसा सारखे नसतात. तो फरक भरून काढायला डायऑप्टरची कडी असते, बहुधा उजव्या आयपीसवर. वीसेक मीटरवर बारीक तपशील असलेली स्थिर वस्तू निवडा, झाडाची साल किंवा छापील पाटी. उजव्या पुढच्या भिंगावर तळहात ठेवा. डोळा मिटू नका, एक मिटला की दुसराही आकसतो. डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर फोकस करा. आता हात डाव्या भिंगावर न्या, चाकाला हात न लावता फक्त डायऑप्टरची कडी फिरवून उजवं चित्र स्पष्ट करा. दोन्ही डोळ्यांनी पाहा. कुठेही ताण वाटला तर मिनिटभर विश्रांती घेऊन पुन्हा करा. यानंतर जवळ-दूर सगळं मधल्या चाकावरच.

खिशात ये-जा करणाऱ्या कॉम्पॅक्टमध्ये ही कडी नकळत फिरते, आणि मग दुर्बीण ‘अचानक बिघडली’ असं वाटतं. म्हणून कडी कुठल्या खुणेवर आली ते टिपून ठेवा. एकाच दुर्बिणीतून घरातली दोघं पाहत असतील तर दोघांच्या खुणा पट्ट्याच्या आतल्या बाजूला कायम शाईने लिहाव्यात.